घोंगडं गरम नसतं

राधानगरीचा पाऊस कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. एकदा लागला की चार चार दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. गुडघाभर चिखलात वाकून रोप लावायचं, पाठीवर इरलं नाही तर डोक्यावरून घोंगड्याची खोळ. आता प्लॅस्टिकचा कागद आला, रेनकोट आले. पण वयस्कर बायका अजून म्हणतात, कागदाखाली पाणी लागत नाही पण हुडहुडी भरते, घोंगडं भिजलं तरी आत गार वाटत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. ते का खरं आहे, याचा इतिहास आज सांगणार आहे.

आधी एक प्रश्न. घोंगडं गरम असतं का? "व्हय की," असं तुम्ही म्हणाल. मग आज रात्री घरातला वरवंटा घोंगड्यात गुंडाळून ठेवा. सकाळी उघडून हात लावा. वरवंटा होता तेवढाच गार असेल. आता उन्हाळ्यात बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक ताटात उघडा ठेवा, दुसरा घोंगड्यात गुंडाळा. उघडा तुकडा आधी वितळेल आणि घोंगड्यातला कितीतरी वेळ टिकेल. घोंगडं अंगानं गरम असतं तर बर्फाचं पाणी आधी झालं असतं.

म्हणजे घोंगडं ऊब तयार करत नाही, ती अडवतं. अंगातली ऊब बाहेर जाताना अडवतं आणि बाहेरची ऊब बर्फापर्यंत पोचताना अडवतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं आपलं धरण डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मी तलाव पाणी तयार करत नाही, वरून आलेलं धरून ठेवतो. आणि धरण कितीही पक्कं असलं तरी थोडं पाणी झिरपतंच. ऊबही तशीच झिरपते. तिला कायमचं बांधून ठेवणारी वस्तू जगात कुठंच नाही. ती किती हळू झिरपेल, एवढंच आपल्या हातात असतं.

बर्फ गुंडाळून ठेवायची गोष्ट गमतीची वाटेल, पण तिच्यावर एका माणसानं जन्मभर धंदा केला. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला फ्रेडरिक ट्यूडर. तिकडं थंडीत तळी गोठतात. तो त्या तळ्यांचा बर्फ करवतीनं कापून जहाजात भरायचा आणि गरम मुलखात नेऊन विकायचा. १८३३ च्या मे महिन्यात त्याचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघालं. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं होतं. चार महिन्यांनी, सप्टेंबरात जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा आत सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. ना वीज, ना फ्रिज. बर्फाभोवती होता लाकडाचा भुसा, वाळलेलं गवत आणि कातडी कमावायला वापरतात त्या सालीचा चुरा. सगळा टाकाऊ माल!

पुढच्याच वर्षी हा बर्फ मुंबईत आला. मग त्याच्यासाठी मुंबईत खास बर्फखाना उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खायला घातलं आणि नंतर यजमान, पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, असा किस्सा त्या काळचा सांगतात. श्रीमंतांची सर्दीसुद्धा इतिहासात जाते, आपल्या पावसाळी खोकल्याची नोंद कोण ठेवणार!

पण भुशात असं काय असतं? लोकरीत, पेंढ्यात, पिसांत सारखं काय आहे? हे मोजून बघणारा माणूस ट्यूडरच्या आधी होऊन गेला. बेंजामिन थॉम्पसन त्याचं नाव. जन्मला अमेरिकेत, चाकरी केली जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राज्यकर्त्याकडे, आणि पुढे काउंट रम्फर्ड म्हणून ओळखला गेला. म्युनिक शहरातल्या भिकाऱ्यांना काम आणि जेवण देणारं घर त्यानं चालवलं, कमी लाकडात जास्त शिजवणाऱ्या चुली बांधल्या. स्वयंपाकघरात डोकं घालणारे शास्त्रज्ञ थोडे असतात, म्हणून मला हा माणूस आवडतो.

सैनिकांना ऊबदार कपडा कशाचा द्यावा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यानं काचेच्या फुग्यात मधोमध तापमापक बसवला. मधल्या पोकळीत कधी लोकर भरली, कधी कापूस, कधी रेशीम, कधी सशाचे केस, कधी बदकाची मऊ पिसं. मग तो फुगा उकळत्या पाण्यात तापवायचा, बर्फात बुडवायचा आणि आतला पारा खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पिसं आणि सशाचे केस सगळ्यांत उशिरा गार झाले. पण मला त्यातली रेशमाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रेशीम तेच, वजन तेच. विसविशीत भरलं तर उशिरा गार, पिळाचा घट्ट धागा करून भरलं तर कितीतरी लवकर गार. म्हणजे ऊब राखण्याचा गुण नुसत्या रेशमाचा नव्हता. तंतूंच्या मधे अडकून बसलेली हवा ते काम करत होती. १७९२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनं उष्णतेवरच्या या कामासाठी त्याला कॉप्ली पदक दिलं.

हवेतून ऊब फार सावकाश जाते. लोखंडातून ती हवेच्या सुमारे दोन हजार पट सहज जाते. पण अट एकच, हवा जागच्या जागी बसलेली पाहिजे. मोकळी हवा ऊब घेऊन पळते. गरम चहावर आपण फुंकर मारतो तेव्हा चहावर बसलेली गरम हवा ढकलून देतो, म्हणून तो लवकर निवतो. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत, पेंढ्याच्या पोकळ काडीत, गोधडीच्या दोन थरांमधे हवेला हलायला जागा मिळत नाही. ऊब राखायची म्हणजे हवा कोंडायची. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

आता घोंगड्याकडे येते. आपल्या जंगलपट्ट्यात, दाजीपूरच्या बाजूला धनगर आहेत, पण ते गवळी धनगर, म्हशी-गाई पाळणारे. इतक्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. मेंढरं राहिली ती जिल्ह्याच्या पूर्वेला, आणि पुढे सांगली-सोलापूरच्या कोरड्या माळावर. म्हणजे लोकर कोरड्या पूर्वेची आणि पाऊस आपल्या पश्चिमेचा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर घोंगड्यांचाही बाजार का असायचा, हे यावरून ध्यानात येईल.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ. काळी, तपकिरी, कुठं पांढरी. ती कातरायची, पिंजायची आणि चरख्यावर सूत काढायचं. सूत काढणं हे घरातल्या बायकांचं काम. मग सणगर समाजाचे विणकर खड्ड्यातल्या मागावर बसून पट्टी विणायचे. सुताला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे धागा मागावर तुटत नाही आणि घोंगडं ताठ राहतं. घोंगडं विणणाऱ्याच्या नावानं विकलं जायचं, पण दिवसचे दिवस सूत काढलेल्या हातांचा हिशोब कुठं लिहिलेला सापडत नाही.

ते भिजल्यावरही ऊब का राखतं, तेही सांगते. सुती लुगडं भिजलं की त्याचे धागे एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते, तिथं पाणी बसतं. पाण्यातून ऊब हवेपेक्षा वीसेक पट सहज जाते. लोकरीचा केस कुरळा आणि ताठर, भिजला तरी दबत नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते तरी फारशी ओली लागत नाही. प्लॅस्टिकच्या कागदाचं उलट. पाणी येत नाही, पण पातळ कागदात कोंडलेली हवा नाही. वर घाम आत साचून कपडे ओले होतात. रेनकोट वाईट असं मी म्हणत नाही, हलका आहे, लगेच सुकतो. पण भर पावसात दिवसभर वाकणाऱ्या बाईनं त्याच्या आत एक लोकरीचा किंवा जाडसर कपडा घालावा.

घोंगडी कमी झाली, त्याला कारणं बरीच. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली. मटणाला भाव आला तशी जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, अंगानं भरलेली मेंढी लोकांनी पसंत केली. तिच्या अंगावर लोकर थोडी. चराऊ रानं आटली. आज कित्येक मेंढपाळ लोकर कातरण्याची मजुरीही सुटत नाही म्हणतात.

अंगावरचं पांघरूण झालं, आता घरावरचं. जुनं घर आठवा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचा लेप, आणि डोक्यावर हात-दीड हात जाडीचं गवत. त्या गवतात घोंगड्यासारखीच कोंडलेली हवा. उन्हाळ्यात बाहेर रखरख असली तरी आत डोळा लागायचा. पण गवताच्या घराची उगाच आरती ओवाळायची नाही. दरवर्षी शाकारणी. त्यासाठी डोंगरातून गवताचे भारे कुणी आणले? बायकांनीच. उंदीर, विंचू, साप आणि ठिणगी पडली की सगळं घर राख.

मग कौल आलं. आधी कुंभाराच्या हातचं नळीचं, नंतर मंगलोरी. १८६५ मध्ये बासेल मिशन या जर्मन-स्विस मिशनऱ्यांच्या संस्थेनं मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला आणि ते एकमेकांत अडकणारं चपटं कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरलं. कौल स्वतः ऊन फार अडवत नाही, पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. शिवाय कौलारू घरात माळा असायचा. फळ्या किंवा चिवाट्या टाकून वर मातीचा थर, त्यावर भाताची पोती, गोवऱ्या, अडगळ. कौल आणि माळा यांच्यामधली ती अंधारी जागा म्हणजे हवेची जाड गोधडीच होती. आपण तिला अडगळीची जागा म्हणून ओळखलं.

आणि मग पत्रा. नागमोडी पत्रा लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं १८२९ मध्ये काढला, आणि जस्ताचा मुलामा देण्याची रीत १८३७ मध्ये फ्रान्समध्ये निघाली. हलका, कमी लाकडावर बसणारा, माकडांनी फोडता न येणारा, दरवर्षीच्या शाकारणीतून सोडवणारा. ज्या बाईनं हट्ट करून नवऱ्याला पत्रा घालायला लावला तिचं काही चुकलं नाही. तिची पाठ वाचली. पण पत्रा घालताना बहुतेक घरांत माळा गेला. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा असा तापतो की हात टेकवत नाही. तापलेला पत्रा निखाऱ्यासारखी वरून झळ सोडतो, आणि त्याच्याखाली चूल पेटवून भाकरी कोण भाजतं, हे सांगायला नको. घरातली माणसं झाडाखाली जाऊन बसतात, स्वयंपाक करणारीला जाता येत नाही. थंडीत उलटं, पहाटे पत्र्याच्या आतून थेंब गळतात. आणि पावसात तर पत्र्याखाली हा रेडिओसुद्धा ऐकू येत नाही!

यावर इलाज माळ्याचाच. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे, चटया, नाहीतर जाड पुठ्ठा बांधायचा आणि वरच्या जागेतली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना वाट ठेवायची. चुलीच्या वर मात्र असलं काही बांधू नका, ठिणगीचं भय असतं. दुसरा उपाय पत्र्यावर पांढरा चुना किंवा पांढरा रंग. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या बायकांना घेऊन अशी छपरं रंगवली आहेत. पांढरा रंग ऊब कोंडत नाही, ऊनच परतवून लावतो. आपल्याकडे पहिल्या पावसात चुना धुऊन जाईल, पण मार्चमध्ये लावला तर उन्हाळा निघतो. गोठ्यावरही लावा, उष्म्यानं जनावर दूध कमी देतं. आणि सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो कापू-फोडू नका. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कॅन्सर होतो.

स्वयंपाकघरात आलोच आहोत तर पेंढ्याबद्दल बोलते, आपण त्याला पिंजर म्हणतो. आंब्याची आढी पिंजरातच का घालतो? पिकताना आंबा स्वतः ऊब सोडतो आणि पिंजर ती जाऊ देत नाही. थंडीत विरजणाचं भांडं घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळायची रीत, तीही हीच. हाच पेंढा युरोपात स्वयंपाकाला लावला गेला. १८६७ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेननं एक पेटी मांडली. आत जाड अस्तर आणि मधे भांडं. अन्न उकळायचं आणि झाकण लावून पेटीत ठेवून द्यायचं, विस्तवाशिवाय ते आपोआप शिजत राहायचं. पुढे महायुद्धांत जळण मिळेना तेव्हा इंग्लंडच्या बायकांनी लाकडी खोक्यात वाळलेलं गवत ठासून हेच केलं.

आपल्या गटात करून बघण्यासारखं आहे. खोकं किंवा मोठी टोपली घ्या, तळाशी आणि चारी बाजूंनी वीतभर पिंजर घट्ट बसवा, मधे पातेल्याच्या मापाचा खड्डा करा. भिजवलेली डाळ पातेलंभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळवा, घट्ट झाकण लावा, लगेच खड्ड्यात ठेवा आणि वरून पिंजर भरलेली उशी दाबा. दोन तास उघडायचं नाही. उघडलंत की कोंडलेली हवा गेली. पातेलं भरलेलं हवं, अर्धं भांडं लवकर निवतं. काढल्यावर पुन्हा एक उकळी देऊन मगच जेवा, आणि कोमट झालेलं अन्न रात्रभर तसंच ठेवू नका. राजमा या पेटीत करायचा नाही, तो नीट उकळला नाही तर बाधतो. पेटी चुलीपासून लांब ठेवा, हेही आलंच.

डाळ राहिली अर्धी कच्ची तर पुन्हा चुलीवर ठेवता येते. पण ऊब जाण्यानं ज्याचा जीव जाऊ शकतो असं एक माणूस आपल्या घरात येतं, नुकतं जन्मलेलं बाळ. आईच्या पोटात ते ३७ अंशांच्या ऊबेत असतं. बाहेर येतं ते ओलं. वजनाच्या मानानं त्याची कातडी फार, डोकं मोठं, अंगावर चरबी थोडी, आणि थंडी वाजली तर आपल्यासारखं कुडकुडताही येत नाही. पुसलं नाही, झाकलं नाही तर काही मिनिटांत त्याचा पारा दोन अंशांनी उतरू शकतो. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. कमी वजनाच्या बाळाला तर हा फेरा फार लवकर धरतो.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम उभं केलं. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास बघणं, वजन, तापमान घेणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं, आईला दूध पाजायला मदत करणं. आणि त्यांच्या सामानात बाळासाठी एक ऊबदार झोपायची पिशवी होती, टोपडं आणि पांघरुणाबरोबर. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. हे सगळं काही एकट्या पिशवीनं केलं नाही, औषधांचा वाटा मोठा होता. पण बालरोगतज्ज्ञ जिथं नाहीत तिथं गावातली बाई थर्मामीटर आणि पिशवी घेऊन बाळाला वाचवू शकते, हे त्या कामानं जगाला दाखवलं. त्याच्या आधी, १९७८ मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच आज कांगारू पद्धत म्हणतात. तिथं तर चूल आणि घोंगडं दोन्ही आईच!

आपली कुंची, टोपडं, जुन्या लुगड्याचं दुपटं, गोधडी यांच्यात दोष नाही. नरम कापडाचे थर, मधे हवा. चुकतं ते दुसरीकडेच. जन्मल्याबरोबर आंघोळ घालणं, ते किमान एक दिवस तरी थांबवा. ओलं दुपटं अंगाखाली तसंच राहणं, ओल्यात हवा उरत नाही हे आताच बघितलं. बाळाला इतकं करकचून गुंडाळणं की थरांमधली हवाच निघून जाते. आणि बाजेखाली धुराची शेगडी. तो धूर बाळाच्या छातीत जातो, त्यापेक्षा आईच्या कुशीत कातडीला कातडी लावून वरून गोधडी घ्या.

बाळ गार पडलंय का, हे हातानं कळतं. हाताच्या पाठीनं त्याचं पोट आणि तळपाय बघा. दोन्ही ऊबदार, ठीक आहे. पोट ऊबदार पण पाय गार, बाळाला थंडी लागते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, छातीशी धरूनच दवाखाना गाठा. काखेत थर्मामीटर साडेछत्तीस अंशांच्या खाली दाखवत असेल तरी बाळ गार आहे असं समजायचं.

गडचिरोलीची ती पद्धत पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या संचात थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा आणि बाळाचं एक ब्लँकेट असायला हवं. गटाच्या पुढच्या बैठकीला तिला बोलवा आणि पिशवी उघडून दाखवायला सांगा. ब्लँकेट नसेल तर त्याच बैठकीत लिहून आरोग्य केंद्राकडे मागणी द्या.